तराजूची उपमा आणि इसबाचे कोडे

काही वर्षांपूर्वी शिक्षकांच्या एका शिबिरात आम्ही रोगप्रतिकार यंत्रणेविषयी बोलत होतो. अकरावीचे काही विद्यार्थीही मागच्या बाकांवर येऊन बसले होते. अॅलर्जीचा विषय निघाला तेव्हा आम्ही फळ्यावर एक तराजू काढला. डाव्या पारड्यात लिहिले 'टीएच-१', उजव्या पारड्यात 'टीएच-२'. डावे पारडे पुरेसे जड असले की जंतूंशी लढाई नीट होते. उजवे जड झाले की दमा, शिंका, इसब अशी अॅलर्जीची दुखणी मागे लागतात. निरोगी माणसाचा काटा मधोमध असतो, असे आम्ही सांगितले. चित्र सोपे होते. सर्वांनी ते वहीत उतरवून घेतले.

तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. "सर, मघाशी तुम्ही म्हणालात की पोटात जंत झाले की टीएच-२ पेशी खूप वाढतात. मग ज्यांना जंत होतात त्यांचंही उजवं पारडं जड होणार. त्यांना इसब जास्त व्हायला हवा. पण आमच्या वस्तीत जंत पुष्कळांना होतात, आणि इसब एखाद्यालाच दिसतो. असं का?"

आम्ही काहीतरी सांगून वेळ मारून नेली. घरी येऊन पुस्तके काढून बसलो तेव्हा लक्षात आले, की मुलीचा तर्क अचूक होता आणि आमचा तराजू अपुरा होता. ही उपमा आरोग्यविषयक लेखांत, पुरवण्यांत आणि औषधांच्या जाहिरातींत अजूनही भेटते. आपल्यापैकी अनेकांनी ती वर्गात वापरली असेल. म्हणून तिची एकदा नीट तपासणी करावी असे वाटले. तिच्यात खरे किती, ती कुठे तुटते आणि ती तुटल्यामुळे कोणाचे काय बिघडते, हे तीन प्रश्न आम्ही समोर ठेवले आहेत.

आधी दुखणे नीट पाहू

इसब हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. कातडीवर काही उठले आणि खाज आली की कोणी त्याला इसब म्हणतो, कोणी नायटा, कोणी खरूज. नायटा बुरशीमुळे होतो, खरूज एका सूक्ष्म किडीमुळे होते, आणि ही दोन्ही दुखणी एकाकडून दुसऱ्याला लागतात. आपण ज्याबद्दल बोलत आहोत तो अटॉपिक इसब कोणाकडून कोणालाही लागत नाही. तो बहुधा तान्हेपणी किंवा बालपणी सुरू होतो. लहान बाळांच्या गालांवर, मोठ्या मुलांच्या कोपरांच्या आणि गुडघ्यांच्या मागच्या घड्यांत त्वचा कोरडी, लाल, खरबरीत होते. मधूनच तो कमी होतो आणि पुन्हा उसळतो. या सगळ्यात मुख्य त्रास खाजेचा. रात्री झोप लागत नाही, आणि झोप न झालेले मूल सकाळी वर्गात पेंगते.

'अटॉपी' हा शब्द १९२३ साली आर्थर कोका आणि रॉबर्ट कुक या अमेरिकन वैद्यकतज्ज्ञांनी वापरात आणला. ज्या ग्रीक शब्दावरून तो घेतला त्याचा अर्थ 'जागा सोडून असलेले', म्हणजे चमत्कारिक. काही कुटुंबांत दमा, परागकणांमुळे होणारी सर्दी अशी दुखणी पिढ्यान्‌पिढ्या का दिसतात हे कळत नव्हते, म्हणून नावही तसेच पडले. १९३३ साली फ्रेड वाइज आणि मॅरियन सुल्झबर्गर यांनी या प्रकारच्या इसबाला अटॉपिक हे विशेषण जोडले. नाव मिळाले, पण कारण मिळायला आणखी अर्धे शतक जावे लागले.

तराजू आला कुठून?

आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींपैकी काहींना 'मदतनीस टी-पेशी' म्हणतात. या पेशी स्वतः जंतू मारत नाहीत. कोणी काय करायचे याचे निरोप त्या इतर पेशींना देतात. हे निरोप म्हणजे छोटे प्रथिन-रेणू. त्यांना सायटोकाइन म्हणतात. १९८६ साली कॅलिफोर्नियातील डीएनएक्स या संस्थेत टिम मॉसमन, रॉबर्ट कॉफमन आणि त्यांचे सहकारी उंदरांच्या मदतनीस टी-पेशी वेगवेगळ्या वाढवून त्या कोणते रेणू सोडतात ते पाहत होते. त्यांना दोन गट दिसले. एक गट इंटरफेरॉन-गॅमा सोडत होता, दुसरा इंटरल्युकिन-४ सोडत होता. पहिल्याला त्यांनी टीएच-१ म्हटले, दुसऱ्याला टीएच-२.

दोघांची कामे वेगळी. इंटरफेरॉन-गॅमा भक्षक पेशींना चेतवतो. क्षयाच्या जंतूसारखे जे जंतू पेशीच्या आत लपून बसतात, त्यांना मारायला तो लागतो. इंटरल्युकिन-४ आणि त्याचा भाऊबंद इंटरल्युकिन-१३ हे जंतासारख्या मोठ्या परजीवींविरुद्धची तयारी करतात. त्यांच्या निरोपामुळे बी-पेशी आयजीई नावाची प्रतिपिंडे बनवू लागतात. अॅलर्जीत हीच प्रतिपिंडे वाढलेली असतात.

शिवाय एक गट दुसऱ्याला दाबतो असेही दिसले. त्याचे कारण पुढे पेशीकेंद्रातच सापडले. १९९७ साली गाटा-३ हा रेणू टीएच-२ पेशी घडवतो असे कळले, आणि २००० साली टी-बेट हा रेणू टीएच-१ पेशी घडवतो असे कळले. हे दोघे एकाच पेशीत एकमेकांचे काम अडवतात. म्हणजे कोवळ्या टी-पेशीने एक वाट धरली की दुसरी बंद होत जाते. तराजूच्या उपमेतला खरा भाग तो हाच. एका पेशीच्या पातळीवर पाहिले तर काटा खरोखरच एका बाजूला झुकतो.

या मांडणीला आणखी एक आधार मिळाला. १९८९ साली डेव्हिड स्ट्रॅकन यांनी १९५८ च्या मार्च महिन्यातील एका आठवड्यात जन्मलेल्या १७,४१४ ब्रिटिश मुलांची माहिती तपासली. ज्यांना मोठी भावंडे जास्त, त्यांना परागकणांची सर्दी कमी, आणि तान्हेपणचा इसबही कमी, असे त्यांना आढळले. लहानपणी भावंडांकडून होणाऱ्या जंतुसंसर्गामुळे संरक्षण मिळत असावे, अशी कल्पना त्यांनी मांडली. त्यांच्या त्या छोट्या लेखात टीएच-१ किंवा टीएच-२ यांचा उल्लेख नव्हता. तो पुढे इतरांनी जोडला: लहानपणी जंतूंशी गाठ पडली नाही म्हणून टीएच-१ चे पारडे हलके राहिले, आणि टीएच-२ चे खाली गेले. दोन वेगळ्या निरीक्षणांना एका चित्राने बांधले, म्हणून हे चित्र इतके लोकप्रिय झाले. शिकवायलाही ते फार सोयीचे होते.

पारडी कुठे तुटतात?

पहिली अडचण त्या मुलीने सांगितली तीच. जंतांमुळे टीएच-२ चे निरोप आणि आयजीई दोन्ही भरपूर वाढतात. तराजू खरा असता तर जंत असणाऱ्यांना अॅलर्जी जास्त व्हायला हवी होती. प्रत्यक्षात काही ठिकाणी उलटेच दिसले. आफ्रिकेतील गॅबॉनमध्ये शाळकरी मुलांना वारंवार जंतांचे औषध दिल्यावर धुळीतल्या किडीला त्यांची त्वचा जास्त प्रतिक्रिया देऊ लागली, असे २००४ साली प्रसिद्ध झाले. युगांडात २,५०७ गरोदर स्त्रियांवर केलेल्या चाचणीत, ज्यांना गरोदरपणात अल्बेंडाझोल दिले त्यांच्या बाळांना इसब जास्त झाला; हा निष्कर्ष २०११ सालचा. मात्र इक्वेडोरमधल्या २००६ सालच्या चाचणीत शाळकरी मुलांना वर्षभर तेच औषध देऊनही अॅलर्जीत फरक पडला नाही. तेव्हा जंत ठेवून घ्यावेत असा अर्थ कोणी काढू नये. जंतांमुळे मुलांचे पोषण बिघडते, अंगातले रक्त कमी होते, आणि शाळेत दिली जाणारी गोळी योग्यच आहे. आपला मुद्दा एवढाच, की टीएच-२ वाढणे आणि इसब होणे या दोन गोष्टी एक नव्हेत. जंत शरीरात वर्षानुवर्षे राहतात आणि त्या काळात यंत्रणेला आवरून धरणाऱ्या नियामक टी-पेशी वाढतात. इंटरल्युकिन-१० हा त्यांचा एक निरोप. तो 'थांबा' असे दोन्ही गटांना सांगतो. तराजूत या तिसऱ्या गड्याला बसायला जागाच नाही.

दुसरी अडचण दुसऱ्या टोकाची. बालपणी होणारा पहिल्या प्रकारचा मधुमेह हा मुख्यतः टीएच-१ च्या बाजूचा रोग मानला जात असे. अॅलर्जी वाढल्या त्याच श्रीमंत देशांत, त्याच दशकांत, हा मधुमेहही वाढला. झां-फ्रान्स्वा बाक यांनी २००२ साली हे दोन्ही चढते आलेख शेजारी शेजारी ठेवून दाखवले. एकाच तराजूची दोन्ही पारडी एकदम खाली जात असतील, तर तो तराजू नव्हे.

तिसरी अडचण रुग्णाच्या त्वचेतच आहे. नुकत्याच उठलेल्या लाल चट्ट्यात टीएच-२ चे निरोप जोरात असतात. पण जुना, जाड झालेला चट्टा तपासला तर तिथे त्यांच्या जोडीला इंटरफेरॉन-गॅमाही सापडतो, हे १९९० च्या दशकातच दिसले होते. पुढे टीएच-१७, टीएच-२२ असे आणखी गट कळले. जपानी आणि कोरियन रुग्णांच्या त्वचेत युरोपीय वंशाच्या रुग्णांपेक्षा टीएच-१७ चा जोर अधिक असतो, असे २०१५ च्या सुमारास आढळले. म्हणजे एकाच नावाच्या दुखण्यात माणसागणिक आणि दिवसागणिक निरोपांचे मिश्रण बदलते.

चौथी अडचण औषधाची. डावे पारडे हलके असेल तर त्यात वजन टाकावे हे ओघानेच आले. तसे करूनही पाहिले गेले. १९९३ साली इंटरफेरॉन-गॅमा टोचून केलेल्या चाचणीचे निष्कर्ष आले. काही रुग्णांना थोडा आराम पडला, पण ते इसबाचे नेहमीचे औषध कधीच झाले नाही.

तराजूऐवजी भिंत?

मग २००६ साली डंडी विद्यापीठातील अर्विन मॅक्लीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळेच दार उघडले. त्वचेचा सर्वांत वरचा थर घट्ट ठेवणारे फिलॅग्रिन नावाचे एक प्रथिन आहे. ते बनवणाऱ्या जनुकात बिघाड असला तर इसबाची शक्यता पुष्कळ वाढते, असे त्यांनी दाखवले. युरोपीय वंशाच्या सुमारे दहांतल्या एका माणसात असा बिघाड असतो. आता नवे चित्र आले: त्वचा म्हणजे विटांची भिंत, फिलॅग्रिन म्हणजे तिची मजबुती. भिंतीला भेगा पडल्या की आतले पाणी उडून जाते आणि बाहेरचे पदार्थ आत शिरतात. रोगप्रतिकार पेशींचा गोंधळ हा त्यानंतरचा.

हे चित्र तराजूपेक्षा बरे वाटते, पण त्यालाही तोच नियम लावायला हवा. असा जनुक-बिघाड असलेल्या पुष्कळांना इसब होत नाही, आणि इसब असलेल्या पुष्कळांत तो बिघाड नसतो. भिंतच मूळ कारण असेल तर जन्मापासून रोज त्वचा मऊ ठेवली की इसब टळायला हवा. ब्रिटनमध्ये १,३९४ नवजात बाळांवर हे करून पाहिले. सर्वच बाळांच्या घराण्यात अॅलर्जीची दुखणी होती. निम्म्यांना वर्षभर रोज मलम लावले. २०२० साली निष्कर्ष आला: दोन वर्षांच्या वयाला मलम लावलेल्यांत २३ टक्के बाळांना इसब होता, न लावलेल्यांत २५ टक्के. म्हणजे फरक पडला नाही. ज्यांना इसब आहे त्यांना मात्र त्वचा मऊ ठेवण्याचा फायदा होतो, उसळी कमी येतात, हे खरे आहे. उपचार म्हणून जे लागू पडते ते प्रतिबंध म्हणून लागू पडेलच असे नाही. वर्गात सांगण्यासारखा हा एक चांगला धडा आहे.

निरोपांचे चक्र

तर मग आज काय म्हणता येते? सरळ रेषेऐवजी वर्तुळ काढले तर बरेच काही बसते. वर्तुळावर कुठूनही सुरुवात करा. समजा, त्वचेला भेग पडली किंवा ती खाजवली गेली. जखमी त्वचापेशी गप्प बसत नाहीत. त्या टीएसएलपी, इंटरल्युकिन-३३ असे धोक्याचे निरोप सोडतात. ते ऐकून जवळच्या पेशी टी-पेशींना टीएच-२ च्या वाटेने नेतात. टी-पेशी इंटरल्युकिन-४ आणि १३ सोडतात. हे दोन रेणू त्वचापेशींच्या पृष्ठभागावरील ग्राहक-रेणूला चिकटतात. त्या ग्राहकाच्या आतल्या टोकाला जॅक नावाचे विकर असते. ते जागे होते आणि स्टॅट-६ नावाच्या रेणूवर फॉस्फेटची खूण करते. खूण झालेला स्टॅट-६ पेशीकेंद्रात जाऊन कोणती जनुके चालू ठेवायची, कोणती मंद करायची ते ठरवतो. त्यात मंद होणारे एक काम म्हणजे फिलॅग्रिन बनवणे. बिघाड नसलेले जनुकसुद्धा अशा वेळी कमी काम करते. भिंत आणखी कमजोर होते.

याच निरोपांमुळे त्वचेतील जंतुनाशक प्रथिनेही कमी बनतात. सोरायसिसच्या चट्ट्यांत ती भरपूर असतात आणि इसबाच्या चट्ट्यांत कमी, असे २००२ साली दिसले. म्हणूनच इसबाच्या त्वचेवर स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू सहज ठाण मांडतो आणि दाह वाढवतो. शिवाय इंटरल्युकिन-४ थेट खाजेच्या चेतातंतूंनाही हळवे करतो, हे २०१७ साली उंदरांवरील प्रयोगांतून कळले. इंटरल्युकिन-३१ तर खाजेचाच निरोप. खाज आली की नखे चालतात, नखे चालली की भेग पडते, आणि वर्तुळ पुरे होते. घरातली मोठी माणसे "खाजवू नकोस" म्हणून ओरडतात ते योग्यच, पण खाज ही त्या मुलाची सवय नसून त्याच्या पेशींनी चेतातंतूला दिलेला निरोप आहे, हेही त्यांना कळायला हवे.

आता या चित्राचीही परीक्षा घेऊ. वर्तुळातला एक दुवा तोडला तर काय होते? ड्युपिलुमॅब हे औषध इंटरल्युकिन-४ आणि १३ या दोघांच्या ग्राहकाला झाकून टाकते. मध्यम ते तीव्र इसबाच्या प्रौढांवरील दोन मोठ्या चाचण्या २०१६ साली प्रसिद्ध झाल्या. सोळा आठवड्यांनंतर त्वचा स्वच्छ किंवा जवळजवळ स्वच्छ झालेल्यांचे प्रमाण, दर दोन आठवड्यांनी औषध टोचलेल्यांत ३८ आणि ३६ टक्के होते; नुसती औषधविरहित सुई टोचलेल्यांत ते १० आणि ८ टक्के. अमेरिकेत २०१७ साली ते मान्य झाले. जॅक विकराला अडवणाऱ्या गोळ्या त्यानंतर आल्या.

हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचायला हवेत. फरक मोठा आहे, म्हणजे टीएच-२ चे निरोप या रोगात खरोखरच मध्यवर्ती आहेत. तराजूवाल्यांचे तेवढे म्हणणे बरोबर होते. पण त्या मुदतीत दहांतल्या सहा जणांची त्वचा स्वच्छ झाली नाही, म्हणजे एवढ्यावर गोष्ट संपत नाही. टीएसएलपी हा चक्राच्या आरंभीचा निरोप. तो अडवणारे टेझेपेलुमॅब दम्यासाठी २०२१ साली मान्य झाले, पण इसबाच्या चाचणीत त्याचा ठोस उपयोग दिसला नाही. आयजीई प्रतिपिंडांना पकडणारे ओमॅलिझुमॅब दम्यासाठी २००३ पासून आहे, इसबाच्या मान्यताप्राप्त औषधांत मात्र ते नाही. जो दुवा कागदावर महत्त्वाचा दिसतो तो शरीरात तसा ठरतोच असे नाही. आणि उजवे पारडे दाबून धरल्यावर डावे उसळून वर आले का? बहुसंख्य रुग्णांत तसे झाले नाही. थोड्या रुग्णांत सोरायसिससारखे पुरळ आल्याच्या नोंदी आहेत. म्हणजे तराजूचा अंश कुठेतरी शिल्लक आहे, हेही प्रामाणिकपणे मान्य करावे लागते.

एका उपमेने बिघडते काय?

कोणी म्हणेल, मुलांना सोपे करून सांगायला एक तराजू काढला तर एवढे काय झाले? आमच्या मते बरेच काही होते. 'तोल बिघडला' हे शब्द आपल्या कानांना फार ओळखीचे आहेत. वात, पित्त, कफ यांचे संतुलन आपण लहानपणापासून ऐकतो. त्यामुळे 'रोगप्रतिकार यंत्रणेचे असंतुलन' असे कोणी म्हटले की आपल्याला समजल्यासारखे वाटते, आणि पुढचा प्रश्न विचारायचा राहून जातो: कशाचा तोल, कोणी मोजला, कोणत्या पेशीत, कोणत्या दिवशी? समजल्याचे समाधान हा जिज्ञासेचा मोठा शत्रू आहे. आम्ही स्वतः त्या समाधानात काही वर्षे होतो.

दुसरे, तराजू पाहिला की एका पारड्यात काहीतरी टाकावे असे वाटतेच. २०२० च्या साथीनंतर 'प्रतिकारशक्ती वाढवणारी' चूर्णे, काढे, गोळ्या यांचा बाजार किती फुगला ते आपण पाहिले. इसबाच्या मुलाची प्रतिकारशक्ती कमी पडली आहे, असे समजून पालक हे विकत घेतात. वरचे वर्तुळ पुन्हा पाहा: तिथे काही निरोप जास्त आहेत, काही कमी आहेत, काही नको त्या जागी आहेत. 'शक्ती' नावाची एकच गोष्ट तिथे नाही, मग ती वाढवणार कशी? आणि समजा सगळेच वाढवले, तर खाजेचा निरोपही वाढेल.

तिसरे, सोप्या चित्रातून कडक पथ्ये निघतात. अंगावर उठते म्हणून दूध बंद, अंडे बंद, शेंगदाणे बंद. २०१५ साली लंडनमध्ये गिडियन लॅक यांच्या गटाने तीव्र इसब किंवा अंड्याची अॅलर्जी असलेल्या ६४० बाळांवर केलेली चाचणी प्रसिद्ध झाली. सुरुवातीला ज्यांच्या त्वचेची शेंगदाण्याची तपासणी नकारात्मक होती, त्यांच्यात पाच वर्षांच्या वयाला शेंगदाण्याची अॅलर्जी झालेली बाळे अशी: शेंगदाणे टाळलेल्यांत १३.७ टक्के, नियमित खाल्लेल्यांत १.९ टक्के. भेगाळलेल्या त्वचेतून अन्नपदार्थाची ओळख झाली तर यंत्रणा त्याला शत्रू मानते आणि पोटातून झाली तर सहन करते, असा यामागचा तर्क आहे. अर्थात इसबाच्या बाळाला कोणता पदार्थ केव्हा आणि कशा रूपात द्यायचा हे डॉक्टरांनीच ठरवायचे. पण आपल्या मनाने पदार्थ बंद करणे हे निरुपद्रवी नाही, एवढे या चाचणीने दाखवले.

चौथे, औषधाच्या दुकानातून न विचारता आणलेले मलम. स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि जंतुनाशक एकत्र घातलेल्या ट्यूब आपल्याकडे घराघरांत सापडतात. स्टेरॉइड अनेक निरोप एकदम शांत करते, म्हणून इसबावर ते उपयोगी औषध आहे. डॉक्टरांनी सांगितले तितके, तितके दिवस लावले तर भिण्याचे कारण नाही. पण तेच नायट्यावर लावले की खाज थांबते आणि बुरशी आतल्या आत पसरते. जास्त दिवस लावले तर कातडी पातळ होते. केंद्र सरकारने २०१८ साली अनेक स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. तो पाळला जातो का, हे आपापल्या गावातल्या दुकानात सहज पाहता येईल.

वर्गात काय करावे?

उपमा टाकून द्या असे आमचे म्हणणे नाही. उपमेशिवाय शिकवता येत नाही. पण प्रत्येक उपमा देताना ती कुठे तुटते तेही सांगावे, आणि शक्य असेल तर ते मुलांनाच शोधायला लावावे. फळ्यावर तराजू काढा आणि विचारा: हा खरा असेल तर जंत झालेल्या मुलाचे काय होईल? दोन्ही पारडी एकदम खाली गेली तर? मग ते चित्र पुसून वर्तुळ काढा. प्रत्येक बाणावर मुलांना विचारा, हा बाण कोणत्या निरीक्षणावरून काढला? तो तोडून पाहिला आहे का? तोडल्यावर काय झाले? औषधविरहित सुई टोचलेल्यांपैकीही दहांतल्या एकाची त्वचा स्वच्छ झाली, हा आकडा पाहून तुलनेचा गट कशासाठी लागतो ते मुलांना आपोआप कळेल. अमुक औषधाने माझ्या भाच्याचा इसब गेला, या वाक्याचे वजन किती, हेही कळेल.

आणि वर्गात एखादे मूल कोपरे खाजवत बसलेले असेल तर त्याची जागा बदलून त्याला एकटे बसवू नका. त्याचे दुखणे लागट नाही, हे इतर मुलांसमोर एकदा स्पष्ट सांगा. घाम आणि लोकरीचा कपडा यांनी खाज वाढते. खेळाच्या तासानंतर त्याला हातपाय धुऊन मलम लावू द्या, स्वेटरखाली सुती कपडा घालू द्या. तो पेंगत असेल तर रात्री झोप झाली का, हे आधी विचारा. चट्टे ओले झाले, पिवळी खपली धरली किंवा ताप आला, तर पालकांना त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवा.

त्या अकरावीतल्या मुलीला आम्ही त्या दिवशी उत्तर दिले नाही. ती आता कुठे असेल ते ठाऊक नाही. तिच्या प्रश्नाचे पुरे उत्तर आजही कोणाकडे नाही. पण तिचा प्रश्न बरोबर होता आणि आमचे चित्र अपुरे होते, एवढे तरी तिला तेव्हाच सांगायला हवे होते. आपल्या वर्गात असा हात वर झाला तर आपण ते जरूर सांगावे.